दर्पोक्ती आणि तिचे फलित : सन्हेरीबाच्या आख्यानाचा विचार

हिब्रू भाषेत गर्वाचे वाचक जे शब्द आहेत, त्यांपैकी पुष्कळांच्या मुळाशी उंचीची कल्पना आहे. 'गाबाह' आणि 'रूम' या धातूंचा मूळ अर्थ उंच होणे. मनाला ते लावले असता गर्विष्ठ होणे हा अर्थ निष्पन्न होतो. मराठीतील 'चढेल' या शब्दाची घडणही अशीच आहे. जे चढते ते खाली आणले जाते, हे बायबलात वारंवार आढळणारे सूत्र या शब्दार्थाशी निगडित आहे. परंतु कोणते बोलणे दर्पोक्ती ठरते आणि तिचे फलित कसे ओढवते, हे केवळ सूत्रावरून उलगडत नाही. त्यासाठी 'दुसरे राजे' या ग्रंथाच्या १८ व १९ या अध्यायांतील आख्यान पाहणे उपयुक्त ठरते.

इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदावर स्वारी केली. हिज्कीया राजाने ३०० किक्कार रुपे व ३० किक्कार सोने खंडणी दिली. तरीही अश्शूरचा अधिकारी रब्शाके यरुशलेमच्या तटापाशी येऊन उभा राहिला. अरामी भाषेत बोलावे, ही दरबाऱ्यांची विनंती त्याने झिडकारली आणि तटावरील लोकांना कळावे म्हणून त्यांच्याच भाषेत तो मोठ्याने बोलला. मिसरचा भरवसा व्यर्थ आहे, हा त्याचा पहिला मुद्दा. विशेष हे की, यशया संदेष्ट्याचेही मत तेच होते. आपल्याला परमेश्वरानेच पाठविले, हा रब्शाकेचा दावाही यशयाच्या १० व्या अध्यायाहून फारसा दूर नाही. तेथे अश्शूर हा ईश्वराच्या हातातील दंड मानला आहे. मग दर्प कोठे आहे? तो पुढील अनुमानात आहे. कोणत्याही राष्ट्राचा देव अश्शूरच्या राजापुढे टिकला नाही, म्हणून यरुशलेमचाही टिकणार नाही, असे तो म्हणतो. येथे साधन स्वतःस कर्ता समजू लागते. कुऱ्हाडीने तोडणाऱ्यापुढे मिरवावे काय, या आशयाचा यशयाचा प्रश्न याच भ्रमावर बोट ठेवतो. तात्पर्य, सामर्थ्य हा दोष नव्हे. त्याचे अंतिम श्रेय स्वतःकडे घेणे हा दोष होय, आणि तो वाणीतून उघड होतो.

फलिताचा विचार करताना अश्शूरची साधनेही पाहिली पाहिजेत. बायबलाच्या कथनानुसार एका रात्रीत छावणीतील १,८५,००० माणसे मृत्यू पावली. सन्हेरीबाच्या कोरीव वृत्तांतात अशा संहाराचा उल्लेख नाही. त्यात ४६ तटबंदीची नगरे जिंकल्याचे आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातील पक्ष्याप्रमाणे कोंडल्याचे वर्णन आहे; मात्र यरुशलेम घेतल्याचे त्यातही म्हटलेले नाही. पुढे इ. स. पू. ६८१ मध्ये सन्हेरीबाचा पुत्राच्या हातून वध झाला, हे बाबिलोनी बखरीवरूनही सिद्ध होते. स्वारी आणि वध यांच्यामध्ये २० वर्षे लोटली होती. आख्यानकार मात्र या दोन घटना लगतच्या ओळींत ठेवतो. त्याचे प्रतिपादन तात्काळ शिक्षेचे नाही. ज्याने आपला हात सर्वसमर्थ म्हटला, त्याला स्वतःच्या दैवताच्या मंदिरात स्वतःच्या मुलांपासूनही रक्षण मिळाले नाही, ही संगती त्याला दाखवावयाची आहे.

ही केवळ शत्रूच्या पराभवाची कथा असती, तर तिचे मोल मर्यादित राहिले असते. परंतु तोच मानदंड हिज्कीयालाही लावलेला आहे. आजारातून उठल्यावर त्याचे मन उंचावले, असे 'दुसरे इतिहास' या ग्रंथाच्या ३२ व्या अध्यायात सांगितले आहे. बाबिलोनच्या वकिलांना त्याने आपले सर्व भांडार दाखविले, तेव्हा हे सारे एके दिवशी बाबिलोनला जाईल, असे यशयाने त्याला बजावले. इ. स. पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने ते भांडार लुटून नेले. फरक एवढाच की, हिज्कीया नम्र झाला आणि म्हणून त्याच्या हयातीत अरिष्ट टळले, असे इतिहासकार नोंदवितो. उंचावलेल्या मनाला स्वतःहून खाली येण्याची वाट या शिकवणीत मोकळी आहे. ती नाकारणाऱ्यालाच खाली आणले जाते.