मोटारीचा शाम्पू आणि दुष्फेन पाणी

बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या मार्गावर आनेकल तालुक्यात बोम्मसंद्रा ही मोठी औद्योगिक वसाहत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका येथवर पोहोचली. मात्र अनेक घरांतील वापराचे पाणी अद्यापि कूपनलिकेचे वा टँकरचेच असते. नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेल्या गृहस्थाने रविवारी मोटार धुवावयास घ्यावी आणि जाहिरातीतील साईसारखा दाट फेस काही केल्या येऊ नये, यामागील कारण बहुधा या पाण्यातच दडलेले असते.

खडकाच्या भेगांतून वर येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साबणाचा प्रथम या क्षारांशी संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो आणि फेसासाठी साबण फारसा उरत नाही. शालेय पुस्तकांत अशा पाण्यास ‘दुष्फेन’ म्हटले आहे. नावातच सारे आले! मोटारीचे शाम्पू साबणाचे नसून संश्लेषित अपमार्जकांचे असतात. त्यांचा साका सहसा होत नाही, तथापि क्षार फार असल्यास त्यांचाही फेस उणावतो. अशा वेळी शाम्पू वाढवीत जाण्यापेक्षा पाणी बदलणे श्रेयस्कर. गच्चीवरून साठविलेले पावसाचे पाणी सुफेन असते आणि फेसासाठी ते एक बादलीभर पुरते. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी वापरावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. काटकसर म्हणून तो योग्यच. परंतु त्यात क्षार एकवटलेले असल्याने फेस आणखी घटतो व काचांवर पांढरे डाग उमटतात. ते चाकांपुरते ठेवावे.

फेस म्हणजे द्रवाच्या पातळ पापुद्र्यांत कोंडलेली हवा. बादलीत आधी शाम्पू घालून वरून पाण्याची जोरदार धार सोडल्यास ही हवा चांगली मिसळते. फेसासाठीच्या हातपंपाच्या फवाऱ्यात हेच काम बारीक जाळी करते. जाळीत क्षार साचले की फेस पातळ होतो. ती व्हिनेगरमध्ये भिजवून स्वच्छ करावी. भांड्यांच्या द्रव साबणाचा फेस भरघोस येतो खरा, पण रंगावरील मेणाचा थर त्याने निघून जातो.

दाट फेस म्हणजे अधिक स्वच्छता, हा मात्र गैरसमज होय. धूळ भिजेपर्यंत द्रावण पत्र्यावर टिकवणे आणि फडके ओरखडे न पाडता सरकू देणे, एवढेच फेसाचे काम. शिवाय फेस जितका दाट, तितके तो धुऊन काढण्यास पाणी अधिक लागते. मार्च २०२४ च्या टंचाईत बंगळूर जलमंडळाने पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यास मनाई करून ५,००० रुपये दंड ठरविला होता. बेळ्ळंदूर तलावावर जमून रस्त्यावर उडत आलेला फेसही नाल्यांतून वाहत आलेल्या अपमार्जकांमुळेच वाढला होता.

कूपनलिकेचे पाणी वापरावे लागल्यास मोटार सावलीत धुवावी आणि पत्रा आपोआप सुकण्यापूर्वीच मऊ फडक्याने पुसून घ्यावा.