तुम्ही मूळचे कुठले?

आपल्याकडे खेड्यापाड्यांत वाढलेल्या वडीलधाऱ्या माणसांना जन्मतारीख विचारली, तर पुष्कळदा '१ जून' हेच उत्तर मिळते. जून महिन्यात शाळा उघडायची, मुलाला हाताशी धरून बाप मास्तरांपुढे उभा राहायचा, आणि नेमकी तारीख कोणालाच सांगता येत नसल्यामुळे मास्तर सोयीची तारीख पटावर चढवून मोकळे व्हायचे. पुढे नोकरीत आणि निवृत्तीतही तीच खरी. पण आपले मूल कोणत्या पावसात, कोणत्या सणाच्या आगेमागे झाले, हे त्याच्या आईला पक्के ठाऊक असे. कागदावरची तारीख एक आणि आईच्या आठवणीतली दुसरी, अशा दोन तारखा बाळगताना आपल्या माणसाला फारसे काही वाटत नाही; कारण दुसरी तारीख सांगणारे घर जवळच असते.

दक्षिण सुदानमधून परागंदा झालेल्या अनेक मुलांच्या कागदपत्रांवर अशीच एक तारीख आढळते. ती आहे १ जानेवारी. छावणीतल्या अधिकाऱ्याने अंदाजाने वय ठरवले आणि वर्षाचा पहिला दिवस लिहून टाकला. मात्र दुसरी तारीख सांगणारे कोणी त्यांतल्या कित्येकांच्या सोबत नव्हते. त्या आणि त्यांच्या मागून आलेल्या मुलांपैकी काही जण आज गायक, नट, छायाचित्रकार, चित्रपटकार म्हणून जगाला ठाऊक झाले आहेत. त्यांच्याशी कोणी बोलावयास बसले की एक प्रश्न हटकून येतो : तुम्ही मूळचे कुठले? या प्रश्नाला त्यांनी आपल्या कलेतून जी उत्तरे दिली, त्यांविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

प्रथम या देशाची पार्श्वभूमी. सुदान १ जानेवारी १९५६ रोजी स्वतंत्र झाला. त्यापूर्वी १९५३ साली तेथे जी पहिली निवडणूक झाली, तिच्या आयोगाचे अध्यक्ष आपले सुकुमार सेन होते, हे आपणांपैकी काहींना आठवत असेल. पण स्वातंत्र्य येण्यापूर्वीच, १९५५ साली, दक्षिणेत बंडाची ठिणगी पडली होती. पहिले यादवी युद्ध १९७२ पर्यंत चालले; दुसरे १९८३ साली सुरू होऊन २००५ च्या कराराने थांबले. जानेवारी २०११ मध्ये सार्वमत झाले, शंभरांतील जवळजवळ नव्व्याण्णव मते वेगळे होण्याच्या बाजूने पडली, आणि ९ जुलै २०११ रोजी दक्षिण सुदान हे नवे राष्ट्र जन्मास आले. दुर्दैव असे की, डिसेंबर २०१३ मध्ये या नव्या घरातच भाऊबंदकीचे युद्ध पेटले. २०१८ च्या करारानंतरही शांतता डळमळीतच राहिली. या साऱ्या उलथापालथीत वीस लाखांहून अधिक माणसे शेजारच्या देशांत आश्रयाला गेली. १९८७ च्या सुमारास हजारो मुलगे पायी चालत इथिओपियात गेले, १९९१ साली तेथूनही हुसकले गेले, आणि १९९२ मध्ये केनियाच्या ओसाड वायव्य भागात उभारलेल्या काकुमा छावणीत पोचले. तेथून कोणी अमेरिकेत, कोणी कॅनडात, कोणी ऑस्ट्रेलियात गेले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घरी असताना या लोकांना 'तू कोण?' या प्रश्नाचे उत्तर देण्याची एक रीत होती, आणि ती रीत म्हणजे गाणेच होते. दक्षिण सुदानातील डिंका जमातीचे लोक मुख्यतः गुरे पाळणारे. तरुण वयात आला की त्याला एक बैल मिळतो. त्या बैलाच्या रंगावरून तरुणाला नाव पडते, आणि त्या बैलावर तो स्वतः गाणी रचतो. ढवळ्या, पवळ्या ही नावे घेणाऱ्या आणि पोळ्याला बैल सजवणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. पण आपण बैलाला नाव देतो. तेथे बैल माणसाला नाव देतो. 'माबिओर' म्हणजे पांढरा बैल, 'मालुआल' म्हणजे तांबडा, 'माजोक' म्हणजे काळापांढरा. आणि ही माणसांची नावे आहेत. गुराढोरांच्या अंगावरच्या छटांसाठी त्यांच्या भाषेत जितके शब्द आहेत, तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या भाषेत सापडतील. त्याच समाजात जन्मलेले विद्वान फ्रान्सिस देंग यांनी ही गीते जमवून १९७३ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या गीतांत आपले कूळ, आपला मान, आपले भांडण, आपली मागणी, सारे काही गायले जाते. गाणे तेथे फावल्या वेळची करमणूक नव्हते. चारचौघांत आपली ओळख सांगण्याचे ते साधन होते.

मग बैल गेला, गोठा गेला आणि ऐकणारे चारचौघेही पांगले, म्हणजे काय होते? निर्वासिताला आपली ओळख सांगण्याचे दुसरेच वळण लागते. छावणीतला कारकून, वकिलातीतला अधिकारी, नव्या देशातला दयाळू शेजारी, प्रत्येकजण विचारतो : तुमच्यावर काय संकट ओढवले ते सांगा. त्या सांगण्यावर शिधा, परवाना, आसरा अवलंबून असतो. सांगून सांगून ती हकीकत पाठ होते. आणि हळूहळू असे होऊन बसते की, माणूस म्हणजे त्याची हकीकत, एवढेच उरते.

इमॅन्युएल जाल या गायकाचा मार्ग येथूनच सुरू होतो. न्यूअर जमातीतला हा मुलगा कोवळ्या वयातच बंडखोरांच्या सैन्यात ओढला गेला, त्याच्या हाती बंदूक आली. एमा मॅक्यून या इंग्रज बाईंनी त्याला लपवून केनियात नेले, शाळेत घातले. पुढे त्याने तालावर शब्द म्हणण्याची रॅप नावाची पद्धत उचलली. 'गुआ' हे त्याचे गाणे २००५ साली केनियात घरोघर पोचले. न्यूअर भाषेत या शब्दाचा अर्थ शांती. या एका गाण्यात अरबी, इंग्रजी, स्वाहिली, डिंका आणि न्यूअर अशा पाच भाषा आहेत. त्याच वर्षी त्याने अब्देल गादिर सालिम या उत्तर सुदानातील ज्येष्ठ गायकाबरोबर 'सीझफायर', म्हणजे युद्धविराम, या नावाची गीतमाला काढली. ज्या उत्तरेशी लढण्यासाठी त्याच्या हाती बंदूक दिली गेली होती, तेथल्याच माणसाबरोबर सूर जुळवणे, हे त्याचे खरे उत्तर होते. संगीतात आपल्याला पुन्हा लहान मूल होता येते, अशा अर्थाचे त्याने सांगितले आहे. ज्याचे बालपण कोणी हिरावून नेले, त्याच्या तोंडी या वाक्याला वजन आहे.

पण या मार्गात एक धोकाही आहे. श्रोत्यांना बंदुकीची गोष्ट हवी असते, आणि तीच पुन्हापुन्हा हवी असते. गेर दुआनी हा नट अशाच युद्धातून निसटून अमेरिकेत पोचला. २००४ साली त्याला चित्रपटात पहिले काम मिळाले, तेही सुदानी निर्वासिताचेच. २०१४ च्या 'द गुड लाय' या चित्रपटात दुआनी आणि जाल दोघेही होते; तेथेही भूमिका हरवलेल्या मुलांच्याच. त्यांनी त्या जीव ओतून केल्या आणि जगाला जे कळावयास हवे होते ते कळले. तरी प्रश्न उरतोच : जखम दाखवण्यापलीकडे या माणसांनी दुसरे काही दाखवले, तर आपण पाहू काय?

हा प्रश्न किती खरा आहे, ते २०१९ सालच्या एका प्रसंगावरून दिसते. अदुत अकेच ही काकुमा छावणीत बालपण काढून ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरी वाढलेली तरुणी आज जगातील अग्रगण्य मॉडेलांपैकी एक आहे. त्या वर्षी एका नियतकालिकाने तिची मुलाखत छापली. जग निर्वासितांकडे आणि काळ्या वर्णाकडे कोणत्या नजरेने पाहते, याविषयी ती त्यात बोलली होती. अंक बाहेर आला तेव्हा त्या शब्दांशेजारी मोठे छायाचित्र छापले होते ते तिचे नव्हे, दुसऱ्याच एका कृष्णवर्णी मॉडेलचे! क्षमा मागितली गेली. पण तिच्या म्हणण्याचा याहून मोठा पुरावा कोणता असणार? त्याच सुमारास मेलबर्नमध्ये आफ्रिकी तरुणांच्या टोळ्यांविषयी वर्तमानपत्रांत आणि निवडणुकीच्या सभांत मोठा गलबला चालला होता. अशा हवेत रस्त्यावरून चालणाऱ्या मुलाला घरचे डिंका किंवा न्यूअर म्हणतात, सरकारी कागद दक्षिण सुदानी म्हणतो, आणि समोरून येणारा अनोळखी माणूस नुसता रंग पाहून बाजूला सरतो.

म्हणूनच मेलबर्नच्या छायाचित्रकर्त्या अतोंग अतेम यांचे काम मला फार महत्त्वाचे वाटते. इथिओपियात जन्मलेल्या, दक्षिण सुदानी कुटुंबातल्या या बाई लहानपणीच ऑस्ट्रेलियात आल्या. वसाहतींच्या काळात गोऱ्या छायाचित्रकारांनी आफ्रिकी माणसांचे फोटो काढले ते नमुने म्हणून. संग्रहालयात फुलपाखरू टाचावे तसे. पुढे मालीसारख्या देशांत सेदू केइता, मालिक सिदिबे या देशी छायाचित्रकारांनी स्टुडिओ थाटले, आणि तेथे गिऱ्हाईक स्वतःच्या पसंतीचे कपडे घालून, हवे तसे बसून, आपली छबी काढवून घेऊ लागले. अतेमबाईंनी हा धागा पकडला. भडक फुलांचे पडदे, रंगीत कापडे, कागदी फुले यांच्या आराशीत त्यांनी आपल्या मित्रमैत्रिणींना बसवले. त्या चित्रांतली माणसे दया मागत नाहीत. सरळ आपल्या डोळ्याला डोळा भिडवतात.

२०२२ साली त्यांचे 'सुरत' नावाचे पुस्तक निघाले. घरच्या जुन्या अल्बममधले फोटो समोर ठेवून त्यांनी स्वतःच वेगवेगळे वेष धारण केले आणि ते प्रसंग पुन्हा उभे केले. सुदानी अरबीत 'सुरत' म्हणजे छायाचित्रे. हा शब्द आपल्याला परका नाही. जुन्या मराठीत चेहऱ्याला सुरत म्हणतात, आणि वडिलांची आपण भिंतीवर लावतो ती तसबीर. दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले, आणि दोन्हींचे मूळ एकाच अरबी धातूत आहे. चेहरा आणि चित्र यांचे हे नाते भाषेने जपले आहे. आपली तसबीर कोणी काढावयाची, हे ज्याला ठरवता येते, त्याचीच सुरत जगाला दिसते. पळून जाताना माणसाने पोटाशी धरून आणलेले चार फोटो हे त्याचे सातबारा असतात, हे या पुस्तकावरून ध्यानात येते.

गॉर्डन कोआंग यांचे उदाहरण जरा निराळे. जन्मांध असलेले हे न्यूअर गायक 'थोम' हे तंतुवाद्य वाजवतात. मायदेशी त्यांचा मोठा लौकिक होता. गाण्याच्या कार्यक्रमांसाठी ऑस्ट्रेलियात आलेले असताना २०१३ चे युद्ध त्यांना मागे फिरू देईना, म्हणून चुलतभाऊ पॉल बिएल यांच्यासह त्यांनी तेथेच आसरा मागितला. कायमच्या वास्तव्याच्या परवानगीसाठी २०१९ पर्यंत थांबावे लागले; बायकामुले दूर आफ्रिकेत. त्या प्रतीक्षेच्या काळात रचलेल्या गाण्यांची मालिका २०२० साली 'युनिटी', म्हणजे ऐक्य, या नावाने निघाली. ऐकणाऱ्याला वाटते की शोकगीते असतील; निघतात ती नाचावयास लावणारी गाणी! जमातीजमातींत रक्त सांडत असताना हा मनुष्य सर्वांनी एक व्हा म्हणून टाळ्यांचा ठेका धरतो. हा आनंद दुःखाचा विसर नव्हे. दुःखालाच आपले सारे आयुष्य देऊन टाकण्यास दिलेला तो नकार आहे.

शेवटचे उत्तर सर्वांत अवघड आहे, कारण ते परत जाणाऱ्याचे आहे. जॉन गरांग द माबिओर हे दक्षिणेच्या लढ्याचे नेते. २००५ च्या करारानंतर काही महिन्यांतच, ३० जुलै रोजी, हेलिकॉप्टरच्या अपघातात ते गेले. नव्या देशाच्या नोटांवर त्यांचाच चेहरा छापला गेला. त्यांची कन्या अकुओल द माबिओर क्यूबात जन्मली, केनियात वाढली. तिने २०२२ साली 'नो सिंपल वे होम' हा माहितीपट केला. घरी जाण्याची वाट सोपी नाही, असा त्याचा आशय. तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. चित्रपटाच्या मध्यभागी तिची आई रेबेका न्यानदेंग आहेत. त्या २०२० साली देशाच्या उपाध्यक्षांपैकी एक झाल्या. आईची या भूमीवर अढळ निष्ठा आहे. आणि मुलगी कॅमेऱ्यामागून पाहते आहे की, ज्या देशासाठी वडील गेले त्या देशात आपण राहू शकू काय? बापाचा चेहरा खिशातल्या नोटेवर आहे, आडनावात आजोबांचा पांढरा बैल आहे, आणि तरीही 'घर' हा शब्द उच्चारताना तिला विचार करावा लागतो. चित्रपट खोटा दिलासा देत नाही, हेच त्याचे मोल.

या सर्वांकडे एकत्र पाहिले की वाढीची एक वाट दिसते. आरंभी साक्ष द्यावी लागते : आमच्यावर हे गुदरले. मग आपली छबी आपण काढण्याचा हक्क मागितला जातो. मग कोणाची परवानगी न विचारता आनंद गायला जातो. आणि अखेर आपल्याच घराला, आपल्याच माणसांना अवघड प्रश्न विचारण्याचे बळ येते. परदेशी कीर्ती मिळणे म्हणजे वाढ, असे आपण सहज म्हणतो. पण या कलावंतांची खरी वाढ ही आहे.

आपणांपैकी पुष्कळ श्रोते महाराष्ट्राबाहेर, इंदूर-बडोद्यापासून तंजावरापर्यंत, पिढ्यान्‌पिढ्या राहिले आहेत. 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न आपल्यालाही विचारला जातो. आपल्या आणि त्यांच्या स्थितीत जमीनअस्मानाचे अंतर आहे. आपण आगीतून पळालो नाही. तरी तो प्रश्न ऐकताना मनात जे क्षणभर चाचपडते, ते ओळखीचे असेल. उद्या कोणी निर्वासित कलावंत आपल्यासमोर आला, तर त्याला काय सोसलेस एवढेच विचारून थांबू नये. हल्ली काय रचतो आहेस, हेही विचारावे. कदाचित त्याच्या उत्तरात, कोणत्याही कागदावर नसलेली त्याची दुसरी जन्मतारीख आपल्याला सापडेल.