नळी घातली असती तर?

गेल्या महिन्यात, ऐन बाजाराच्या दिवशी, आमच्या गावातील एक आडत व्यापारी दुकानातच कोसळले. वय बासष्ट. १०८ ची गाडी आली. गाडीवरच्या डॉक्टरांनी छातीवर दाब दिले, तोंडावर मास्क धरून अम्बू बॅगने श्वास दिला, विजेचा झटकाही दिला. उपयोग झाला नाही. तेराव्यानंतर त्यांचा मुलगा माझ्या दवाखान्यात आला. रुग्णांची रांग संपेपर्यंत बाकावर बसून राहिला आणि मग म्हणाला, "डॉक्टरसाहेब, गाडीत बाबांच्या घशात नळी घातलीच नाही. टीव्हीवर तर आधी नळीच घालतात. घातली असती तर बाबा वाचले असते का?"

प्रश्न वेडगळ नाही. आम्ही डॉक्टर मंडळीही वर्षानुवर्षे हेच मानत आलो होतो. जीभ बाजूला सारून, उजेडाच्या उपकरणाने स्वरयंत्र पाहून श्वासनलिकेत नळी बसवली की प्राणवायू थेट फुप्फुसात जातो आणि उलटी आत उतरण्याचा धोका कमी होतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूलतज्ज्ञ हे काम सहज करतात. पण धान्याच्या पोत्यांमध्ये, जमिनीवर गुडघे टेकून, तोंडात उलटी भरलेल्या माणसाला नळी घालणे ही वेगळीच गोष्ट आहे. ती चुकून अन्ननलिकेत गेली तर सगळी हवा पोटात जाते. आणि नळीच्या खटपटीत छातीवरचे दाब थांबले, तर मेंदूकडे जाणारे थोडेफार रक्तही थांबते.

या प्रश्नाचा छडा इंग्लंडमध्ये लावला गेला. तिथे अशा रुग्णाकडे धावून जातात ते बहुधा पॅरामेडिक, म्हणजे तातडीच्या उपचारांचे खास शिक्षण घेतलेले कर्मचारी. २०१५ ते २०१७ या काळात चार रुग्णवाहिका सेवांतील सुमारे दीड हजार पॅरामेडिकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाने नेहमीची नळी घालायची. दुसऱ्याने 'आय-जेल' वापरायचे. हे मऊ, बोथट टोकाचे साधन स्वरयंत्राच्या तोंडाशी जाऊन बसते. ते काही न पाहता, नुसते सरकवून बसवता येते. नऊ हजारांहून अधिक रुग्ण झाले. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. स्वतःचे स्वतः करता येईल इतपत बरे झालेले रुग्ण नळीच्या गटात १०० मागे ६.८ आणि आय-जेलच्या गटात ६.४. म्हणजे फरक नाहीच म्हणा. पहिल्या दोन प्रयत्नांत हवा नीट जाऊ लागण्याचे प्रमाण मात्र आय-जेलचे जास्त होते, ८७ टक्के, नळीचे ७९.

मला त्यातला साडेसहाचा आकडा जास्त खुपतो. साधन कोणतेही असो, शंभरातले नव्वदहून जास्त धड घरी परतत नाहीत.

असे का? हृदय अचानक बंद पडते तेव्हा रक्तात पहिली काही मिनिटे प्राणवायू शिल्लक असतो. विहिरीत पाणी आहे, पण मोटार बंद पडली आहे. अशा वेळी आधी मोटार हाताने चालवावी लागते. पाण्याची भर मागाहून घालता येते. छातीवर दाब नाहीत असे प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटवते.

व्यापाऱ्यांच्या दुकानात गाडी पोहोचायला चौदा मिनिटे लागली. आमच्या रस्त्यांवर, बाजाराच्या गर्दीत, ही काही वाईट वेळ नव्हे. पण त्या चौदा मिनिटांत कुणी कांदा हुंगवला, कुणी तोंडात पाणी ओतले, कुणी पंख्याखाली सरकवले. "श्वास चालू आहे" असेही एकाने सांगितले. ते आचके होते. ऊर्ध्व लागल्यासारखा मधूनच येणारा तो घुर्रर्र आवाज म्हणजे श्वास नव्हे. हृदय बंद पडल्याचीच ती खूण असते.

माणूस हाका मारून, हलवून जागा होत नाही आणि श्वास नाही किंवा आचकेच आहेत, एवढे दिसले की एकाने १०८ ला फोन लावावा आणि दुसऱ्याने कामाला लागावे. सपाट जमिनीवर उताणे निजवून, छातीच्या मधोमध तळहाताचा मागचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल असा दाब, मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दोन मिनिटांत हात भरून येतात, तेव्हा माणूस बदलावा. फासळी मोडेल ही भीती खरी आहे. मोडलेली फासळी जुळते. बेशुद्धाच्या तोंडात पाणी मात्र कधीच घालू नये, ते फुप्फुसात जाते.

अपवाद एक लक्षात ठेवा. विहिरीत बुडालेला माणूस किंवा लहान मूल असेल तर गोष्ट उलटी असते. तिथे प्राणवायूच संपलेला असतो, म्हणून दाबांबरोबर तोंडाने श्वास देणेही तितकेच तातडीचे.

त्या मुलाला मी म्हणालो, "नळी नव्हती म्हणून तुमचे बाबा गेले नाहीत." त्याला बरे वाटलेले दिसले. मग त्याने विचारले, "मग काय राहिलं?" इथे मी अडखळलो. पाणी ओतणाऱ्यांत तो स्वतः होता, हे मला ठाऊक होते. तरी सांगितले. तेव्हा दाब दिले असते तरी वाचलेच असते असे नाही, हेही सांगितले.

बराच वेळ तो गप्प होता. मग चप्पल घालता घालता म्हणाला, "दुकानात सोळा हमाल आहेत. रविवारी याल का दाखवायला?"