पद्मिनीचं ब्रेक ऑइल

प्रीमियर पद्मिनीच्या ब्रेक ऑइलची टाकी उघडली की आधी रंग बघायचा. ताजं ऑइल फिकट पिवळं, पारदर्शक असतं. पुण्यातल्या ज्या गॅरेजमध्ये मी हे काम बघत आणि जमेल तेवढं करत होतो, तिथल्या गाडीत ते जास्त उकळलेल्या चहासारखं झालं होतं. उस्तादांनी ते सिरिंजने ओढलं आणि त्यातला एक थेंब पाण्याच्या ग्लासात सोडला. थेंब विरघळला. म्हणजे आत ग्लायकोलवालंच होतं. सिलिकॉन किंवा खनिज तेल असतं तर वेगळं राहिलं असतं. हातोहात फिरलेल्या जुन्या गाडीत कोणी काय ओतून ठेवलंय याचा भरवसा नसतो. चुकून इंजिन ऑइल गेलं असेल तर रबरं फुगतात. मग नुसतं धुऊन भागत नाही, सगळी रबरं बदलावी लागतात.

दुकानात डब्यावरचा मोठा आकडा बघून माणूस भुलतो. डॉट ३ निदान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ निदान २३० अंशांना, हे ताज्या ऑइलचे आकडे. ग्लायकोल हवेतलं पाणी ओढून घेतं, रबरी होजमधूनही. पाणी ३.७ टक्क्यांवर गेलं की मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ वर येते. खंबाटकीसारख्या घाटात उतारभर ब्रेकवर पाय ठेवला तर चाकाजवळच्या ऑइलची वाफ होऊ शकते. वाफ दबते, त्यामुळे पेडल खाली जातं आणि गाडी मात्र थांबत नाही. म्हणून माझं मत सरळ आहे : पद्मिनीला सीलबंद डब्यातलं डॉट ३ किंवा ४ घाला आणि दोन वर्षांच्या आत बदला. पावसाळी हवेत राहणाऱ्या गाडीला तर नक्कीच.

डॉट ५ सिलिकॉनचं असतं, बहुधा जांभळं. ते रंग खात नाही, पाणी ओढत नाही, म्हणून प्रदर्शनातल्या गाड्यांचे मालक त्यावर खूश असतात. पण आत शिरलेलं पाणी त्यात न मिसळता खालच्या वळणात साठतं आणि तिथेच गंज धरतो. हवेचे बारीक बुडबुडेही लवकर निघत नाहीत, पेडल मऊ लागतं. गोंधळ वाढवायला डॉट ५.१ आहेच, आणि ते पुन्हा ग्लायकोलचं! ५ आणि ५.१ एकमेकांत मिसळायचं नाही. सित्रोएन डीएसच्या नंतरच्या गाड्यांत तर हिरवं खनिज तेल लागतं, तिथे डॉटचा डबा उघडायचाच नाही.

कामाला बसण्याआधी उस्तादांनी मडगार्डवर ओली फडकी पसरली. ग्लायकोल रंग उचलतं. थेंब पडला तर घासायचा नाही, भरपूर पाणी ओतायचं. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. ड्रम काढल्यावर धूळ फुंकायची किंवा हवेने उडवायची नाही, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती भिजवून पुसायची. सिलिंडर उघडला तर रबरं रॉकेल-पेट्रोलमध्ये बुडवायची नाहीत, ताज्या ब्रेक ऑइलनेच धुवायची.

सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून. निपलवर पारदर्शक नळी चढवायची, तिचं टोक ताज्या ऑइलच्या बाटलीत बुडालेलं. मी गाडीत बसून पेडल दाबायला लागलो.

“अर्धाच पाय, साहेब!” उस्ताद चाकाखालून ओरडले आणि पेडलखाली लाकडी ठोकळा सरकवायला लावला. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या टोकापर्यंत जात नाही. तिथे गंज बसलेला असतो, आणि पेडल तळाला गेलं की रबर त्यावर घासून फाटतं. एअर काढताना जुनी गाडी आणखी बिघडते ती बऱ्याचदा अशी.

“दाबा... धरा... सोडा.” सोडण्याआधी निपल बंद, नाहीतर हवा परत आत. दर थोड्या वेळाने टाकीत भर घालायची, ती रिकामी झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या चाकातून स्वच्छ, बुडबुड्याविना धार आली तेव्हा पेडल वर आणि कडक होतं. ते मिनिटभर जोरात दाबून ठेवलं आणि उस्तादांनी टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा पाहिला.

काढलेलं ऑइल त्यांनी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरू दिलं नाही. ते विषारी असतं आणि मुलांच्या हाती लागू शकतं. झाकणाच्या डब्यावर नाव लिहून ते वेगळं ठेवलं, गटारात सोडलं नाही. नव्या डब्यात निम्मं उरलं होतं. मालकांनी ते पुढच्या वर्षासाठी मागितलं. उस्तादांनी दिलं नाही.