खोलायची नाही

भोसरी एमआयडीसीतल्या त्या गॅरेजमध्ये मी ब्रेक दाखवायला गेलो होतो. शेजारच्या रॅम्पवर एक पांढरी हॅचबॅक उभी होती. बॉनेट उघडं, आणि पुढच्या काचेवर मार्करने ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं : 'खोलायची नाही'. गॅरेजमध्ये आलेली गाडी खोलायची नाही म्हणजे काय, ते विचारलं आणि माझे ब्रेक बाजूलाच राहिले. पुढे बरेचदा तिथे जात राहिलो, ते त्या पांढऱ्या गाडीसाठी.

गाडी एका नर्सताईंची. रात्रपाळीला जायचं, पहाटे परतायचं, रिक्षा मिळत नाही, म्हणून त्यांनी सव्वाचार लाखांत 2017 ची पेट्रोल गाडी घेतली. जुन्या गाड्यांचा मोठा धंदा करणाऱ्या एका कंपनीकडून घेतली, कारण तिथे वॉरंटी होती : सहा महिने किंवा साडेसात हजार किलोमीटर, जे आधी संपेल ते. ओळखीच्या एजंटाकडे तशीच गाडी चाळीस हजारांनी स्वस्त मिळत होती. "ते चाळीस हजार मी वॉरंटीसाठीच जास्त दिले," ताई म्हणाल्या. दीड महिन्यात कुलंट कमी व्हायला लागलं. जमिनीवर थेंब नाही, पाइप कोरडे, आणि टाकी मात्र दर आठवड्याला खाली.

मेस्त्रींनी माझ्यासमोर गाडी थंड असताना चालू केली. मागून पांढरा धूर आला आणि त्याबरोबर एक गोडसर वास. तो वास अजून माझ्या नाकात आहे. गाड्यांच्या धुराला असा वास असतो हे मला माहीत नव्हतं. मेस्त्री म्हणाले, "हे कुलंट जळतंय." कुलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, त्याचा हा गोडवा, आणि ते पोटात गेलं तर विष. इंजिनाच्या ब्लॉकवर हेड बसतं, दोघांच्या मधे गॅस्केट असतं. पाण्याची वाट, तेलाची वाट आणि पेट्रोल जळण्याची जागा या तिघांना एकमेकांपासून वेगळं ठेवण्याचं काम त्या पातळ पत्र्याचं. तो कुठे फुटला की पाणी सिलिंडरमध्ये शिरतं आणि धुरातून निघून जातं. थेंब जमिनीवर पडणार कुठून?

"म्हणजे तुम्हाला कळलंय काय झालंय ते," मी म्हटलं.

"पहिल्या दिवशीच कळलंय. पण मला कळून काय उपयोग? वॉरंटीवाल्यांना दाखवायला पाहिजे. दाखवायचं तर हेड उतरवायला पाहिजे. हेड उतरवायला मंजुरी पाहिजे. आणि मंजुरी द्यायला ते म्हणतात, आधी बिघाडाचा फोटो पाठवा." मेस्त्री मूळचे साताऱ्याकडचे, पन्नाशीचे. आवाज चढवत नाहीत. "मी हात लावला आणि वॉरंटीत बसत नाही असं निघालं, तर खोलायचे सहा हजार ताईंच्या अंगावर."

सहा हजार. हा आकडा त्या गॅरेजमध्ये मी सगळ्यांच्या तोंडून ऐकला. हेल्पर पोरगा म्हणाला, सहा हजार फक्त खोलायचे, भरायचे वेगळे. ताई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, सहा हजार. वॉरंटीच्या कागदावर तो आकडा नाही. तिथे एवढंच आहे की, दावा नामंजूर झाल्यास तपासणीचा आणि खोलण्याचा खर्च ग्राहकाचा.

तो कागद मी ताईंकडून मागून नीट वाचला. काय समाविष्ट आहे ते अर्ध्या पानात : इंजिन, गिअरबॉक्स, त्यांतले अंतर्गत भाग. काय वगळलं आहे ते अडीच पानं. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, बुश हे झिजणारे भाग वगळले, ते मला पटतं. चपलेचा तळ झिजला म्हणून कुणी दुकानदाराकडे जात नाही. पण पुढे वाचावं तशी इंजिनाची वाटसुद्धा बंद होत जाते. रबरी पाइप वगळलेले. सील आणि गॅस्केट 'उपभोग्य वस्तू' म्हणून वगळलेली. वगळलेल्या भागामुळे दुसऱ्या भागाचं नुकसान झालं, तर तेही वगळलेलं. म्हणजे रबरी पाइप फुटून इंजिन तापलं आणि हेड वाकलं, तर हेड वॉरंटीत असूनही वॉरंटीत नाही. गाडी तापलेली असताना चालवली, तर ग्राहकाचा निष्काळजीपणा. आणि दोष विक्रीच्या आधीपासून असेल तर 'पूर्वीचा दोष', तोही वगळलेला. विक्रीनंतर बिघडलं तर तुम्ही बिघडवलं. आधीच बिघडलेलं असेल तर ते आमच्या कागदात येत नाही. जुन्या गाडीचं इंजिन या दोहोंखेरीज तिसऱ्या कुठल्या वेळी बिघडणार, हे मी वॉरंटीवाल्यांच्या माणसाला विचारलं. डिप्लोमा केलेला तरुण मुलगा, खांद्यावर बॅग, हातात फोन. तो म्हणाला, "सर, मी फक्त फोटो अपलोड करतो. निर्णय वर होतो." तो खोटं बोलत नव्हता. दिवसभरात पिंपरी ते चाकण किती गॅरेजं फिरतो ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्याची बाजूही मी तिथे पाहिली. त्याच दिवशी एक गृहस्थ गाडी टो करून घेऊन आले. ऑइलचा लाल दिवा लागला असताना त्यांनी चाकणपासून गाडी तशीच दामटली होती. इंजिन आतून ठोकत होतं. मेस्त्रींनी दिवा अचानक लागला आणि लगेच गाडी थांबवली असं लिहून द्यावं, अशी त्यांची इच्छा होती. मेस्त्रींनी डिपस्टिक काढून त्यांच्यासमोर धरली, कोरडी होती. "साहेब, हे मी नाही लिहून देणार." असे दावे येतात, म्हणून कंपन्या संशयी होतात, हे खरं आहे. पण त्या संशयाची किंमत ताईंनी का द्यायची?

आणि संशय फिटवायला साधन आहे. ते त्याच गॅरेजच्या कपाटात, पान्यांच्या मागे ठेवलेलं होतं. मेस्त्रींनी ते काढलं : काचेची एक नळी, वर रबरी फुगा, आणि एका बाटलीत निळं द्रव. कुलंटची टाकी थोडी रिकामी केली, म्हणजे पाणी वर ओढलं जाऊ नये. गाडी चालू केली, नळी टाकीच्या तोंडावर घट्ट बसवली, आणि हेल्परला फुगा हळूहळू दाबायला सांगितला. टाकीतली हवा निळ्या द्रवातून बुडबुडे काढत वर येऊ लागली. कुलंटच्या टाकीत नुसती हवा आणि वाफ असेल तर द्रव निळंच राहतं. सिलिंडरमधला जळका वायू तिथे पोचत असेल, तर त्यातला कार्बन डायऑक्साइड द्रवाला आम्ल करतो आणि रंग पालटतो. आधी हिरवट झालं. मग स्पष्ट पिवळं. ताई ड्युटीवरून थेट आल्या होत्या, अंगावर युनिफॉर्म होता, त्या पुढे होऊन म्हणाल्या, "काका, ही तर लॅबची टेस्ट झाली." मेस्त्रींनी मान हलवली. एकही नट न फिरवता गॅस्केट फुटल्याचं समोर आलं होतं. पाचेक मिनिटं लागली असतील.

त्यांनी त्याचा व्हिडिओ काढून पाठवला. मग कॉम्प्रेशन घेतलं : शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब बाकीच्यांपेक्षा खाली, म्हणजे गॅस्केट त्या दोघांच्या मधे गेलेलं. स्कॅनर लावून इंजिन तापल्याचा कोड कधी आला होता का तेही पाहिलं, नोंद नव्हती. तेही पाठवलं. वरून उत्तर आलं की, अशा चाचणीला त्यांच्या पद्धतीत जागा नाही. खोलल्यानंतरचे फोटो हवेत.

हे ऐकून मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. कारण ताईंना गाडी विकताना याच कंपनीने एक तपासणी अहवाल दिला होता. त्यात शेकड्यांनी मुद्दे होते. स्टेपनी आहे का, वायपर फिरतो का, काचा वरखाली होतात का. 'कूलिंग सिस्टीम' पुढे बरोबरची खूण होती. ती खूण करणाऱ्याने बहुधा गरम गाडी पाहिली. गाडी गरम असताना पहिला पांढरा धूर निघून गेलेला असतो, आणि ग्राहक दाखवायला येणार म्हटलं की गाडी आधीच चालू करून ठेवायची पद्धत गाड्यांच्या बाजारात सर्वांना ठाऊक आहे. निळं द्रव कुणी वापरलं नाही.

शेवटी ताईंनीच लेखी दिलं : खोला, जोखीम माझी. सहा हजार.

मॅनिफोल्ड सुटले, चेनचं कव्हर निघालं, हेडचे बोल्ट बाहेरून आत क्रमाने ढिले झाले. हेड उचलून टेबलावर उलटं ठेवलं तेव्हा मेस्त्री वाकून बघत राहिले, मग मला हाताने बोलावलं. पाण्याच्या भोकांभोवती राखाडी सिलिकॉन लावलेलं होतं. कंपनीतून आलेल्या इंजिनात तिथे सिलिकॉन नसतं. हेडच्या पृष्ठभागावर फेसिंगच्या बारीक रेषा होत्या, म्हणजे ते एकदा मशीनवर जाऊन आलेलं. "हे आधी कुणीतरी खोललंय. काम घाईत केलंय आणि गाडी विकून टाकलीय." हेल्परने वाटीत काढलेलं ऑइल दाखवलं, त्यात अजून पाणी मिसळलेलं नव्हतं. आणखी महिनाभर ताईंनी गाडी तशीच चालवली असती तर बेअरिंगही गेले असते.

फोटो गेले. पहिलं उत्तर ठरलेलं : पूर्वीचा दोष. ताईंनी त्यावर तपासणी अहवालातली ती बरोबरची खूण आणि निळं-पिवळं होण्याचा व्हिडिओ जोडून पुन्हा लिहिलं. बऱ्याच फोनांनंतर हेडचं फेसिंग, गॅस्केट सेट आणि भरायची मजुरी 'गुडविल' म्हणून मंजूर झाली. ऑइल, फिल्टर, कुलंट नाही. आणि खोलायचे सहा हजार नाहीत, कारण दावा नियमानुसार मंजूर झालेला नाही, सद्भावनेने झाला आहे. माझ्या मते इथे सद्भावनेचा संबंधच नव्हता. चाळीस हजार घेऊन दिलेला शब्द होता, आणि तो पाळायचा होता.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये कलम 2(47) आहे, अनुचित व्यापारी प्रथांचं. पुरेशा किंवा योग्य चाचणीचा आधार नसताना मालाच्या कामगिरीची किंवा आयुष्याची हमी देणं, हे त्यात अनुचित प्रथा म्हणून नोंदवलेलं आहे. चाचणी झाली होती, असा बचाव जो करेल त्यानेच ती सिद्ध करायची, असंही तिथे म्हटलं आहे. म्हणजे पुरावा देण्याचं ओझं कायद्याने जिथे ठेवलंय, वॉरंटीच्या अडीच पानांनी ते उचलून नेमकं उलट्या बाजूला, रात्रपाळी करून आलेल्या बाईच्या डोक्यावर ठेवलं आहे. सरकारने 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी अधिकृत नोंदणीचे नियम आणले, गाडी ताब्यात असताना विक्रेता तिचा मालक मानला जातो. पण त्या नियमांचा भर कागदांवर आणि ताब्यावर आहे. हेडखाली काय आहे ते पाहायला मेस्त्रीच लागतो.

ताई सहा हजारांसाठी तक्रार करणार आहेत. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. वकील असलाच पाहिजे असं नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते.

जुनी गाडी घेत असाल तर पैसे देण्यापूर्वी वॉरंटीतलं वगळलेल्या भागांचं पान मागून घ्या आणि घरी नेऊन वाचा. गाडी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना बघायला जा, बॉनेटवर हात ठेवून खात्री करा, आणि ती तुमच्यासमोर पहिल्यांदा चालू करायला सांगा. आणि सोबत मेस्त्री न्या, निळ्या द्रवाची बाटली असलेला.