गावचा ग्रुप, गावचीच जबाबदारी

सीमाभागातील मराठी माणसाने आजवर शाळा, भजनी मंडळ आणि वाचनालय यांच्या आधारे आपली भाषा जपली. आता त्यांत मोबाइलवरील ग्रुपची भर पडली आहे. कमठाण्यासारख्या गावात पेरणीची चर्चा, लग्नाचे निमंत्रण, शाळेची सूचना असे सारे ग्रुपवरूनच फिरते. पण त्यावर देखरेख कोणाची, याचा आपण कधी विचार केला आहे काय?

वृत्तपत्राला संपादक असतो. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपला नसतो. २०१६ पासून त्यावरचा मजकूर असा कुलूपबंद असतो, की कोणी तक्रार केल्याखेरीज कंपनीलाही तो वाचता येत नाही. खासगीपणाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. मात्र त्यामुळे खरेखोटे चाळण्याचे काम ओघानेच अॅडमिनकडे आणि सभासदांकडे येते.

ही चाळणी नसली तर काय होते, हे आपल्याच बिदर जिल्ह्याने पाहिले. १३ जुलै २०१८ रोजी औराद भागात आलेल्या काही तरुणांनी मुलांना चॉकलेट दिले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा चित्रफितीसह मुरकी गावी पोचली. तेथे रस्ता अडवून जमावाने त्यांना बेदम मारले. हैदराबादचा एक तरुण अभियंता प्राणास मुकला. त्यांना वाचवणारे पोलीसही जखमी झाले. अटक झालेल्यांत एका ग्रुपचा अॅडमिनही होता. त्याच महिन्यात धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात अशाच अफवेने पाच भिक्षुकांचा बळी घेतला होता. पुढे कंपनीने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. अफवेचा वेग कमी झाला, पण विवेक कंपनी देऊ शकत नाही.

भाषेच्या प्रश्नातही हाच धोका आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद तापला, तेव्हा नेत्यांच्या नावे काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी तो भडकवल्याचे खुद्द केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी सांगितले. खोट्या मजकुराने मराठीची बाजू बळकट होत नाही. शेजारचा कन्नड भाऊ मात्र दुरावतो.

जर्मनीत २०१६ मध्ये सुरू झालेल्या मॅस्टोडॉनचे उदाहरण घेण्यासारखे आहे. तेथे सर्वांवर एक मालक नाही. गावांसारखे हजारो स्वतंत्र सर्व्हर एकमेकांना जोडलेले असून प्रत्येकाचे नियम आणि देखरेख करणारे वेगळे. २०१९ मध्ये द्वेषाच्या मजकुरासाठी कुप्रसिद्ध असलेले ‘गॅब’ त्यात शिरले, तेव्हा अनेक सर्व्हरांनी आपापल्या निर्णयाने त्याच्याशी संबंध तोडले. वरून हुकूम यावा लागला नाही.

आपणही एवढे करू शकतो. ग्रुपचे नियम मराठीत आणि कन्नडमध्ये लिहावेत. अॅडमिन किमान तीन असावेत, त्यांत एक महिला असावी. अफवा दिसताच ती पुढे न पाठवता ११२ क्रमांकावर पोलिसांना विचारावे. चुकणाऱ्याला आधी समज द्यावी, मजकूर काढल्यास कारण सांगावे. विरोधकाचे तोंड बंद करण्यासाठी मात्र हा अधिकार वापरू नये.

सभासदाने टाकलेल्या मजकुराबद्दल केवळ अॅडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. कायद्याने सुटका झाली तरी मुरकीत गेलेला जीव परत येत नाही. तेव्हा सीमाभागातील बंधुभगिनींनी येत्या ग्रामसभेत हा विषय अवश्य घ्यावा.