तुंबडी आणि पाठीची कळ

‘स्वतःची तुंबडी भरणे’ हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो; पण तुंबडी हे एके काळी उपचाराचेही साधन होते, याचा आपल्याला विसर पडला आहे. दूषित रक्त काढण्यासाठी सुश्रुतसंहितेत शिंग, जळू आणि तुंबडी, म्हणजे पोकळ भोपळा, अशी तीन साधने सांगितली आहेत. शिंग तोंडाने ओढायचे. तुंबडीत मात्र दिवा ठेवायचा. आतली हवा तापते, ती निवताना दाब कमी होतो आणि कातडी आत ओढली जाते. आता भोपळ्याची जागा काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पेल्याने घेतली आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर दिसलेले जांभळे गोल डाग याच उपचाराचे होते.

कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेवर, म्हणजे गृध्रसी किंवा सायटिकावर, हा उपाय कितपत चालतो? मिक्स्टर व बार या अमेरिकन शल्यविशारदांनी १९३४ साली दाखवून दिले की, मणक्यांमधील गादी सरकून मज्जातंतूच्या मुळावर दाबली गेल्याने ही कळ येऊ शकते. ही गादी कातडीखाली, जाड स्नायूंच्याही पलीकडे असते. तुंबडीची ओढ तिथवर पोचून गादी जागेवर बसवू शकत नाही. उठणारे डागही ‘वाईट रक्ता’चे नसून फुटलेल्या केशवाहिन्यांचे असतात.

मग आराम का वाटतो? काही चाचण्यांत पाठदुखी थोडे दिवस कमी झाल्याचे आढळले आहे. परंतु आपल्याला पेला लावला आहे हे रुग्णाला कळतेच; त्यामुळे उपचाराचा गुण किती आणि विश्वासाचा किती, हे वेगळे काढणे अवघड जाते. शिवाय बहुतेकांची सायटिका काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय शेवटच्या उपायाला मिळते.

माझ्या मामांचा तुंबडीवर फार भरवसा आहे. मी त्यांच्याशी वाद घालीत नाही. कोरड्या तुंबडीने बरे वाटत असेल तर खुशाल लावावी. रक्त काढणारी तुंबडी मात्र जपून. पाते निर्जंतुक नसेल तर कावीळ पसरू शकते, आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊच नये. पण पाऊल उचलेनासे झाले, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर पुढच्या तुंबडीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिथे झालेला उशीर कोणतीही तुंबडी भरून काढू शकत नाही.